‘सापडत नाही’ – पण कोणाला?

उन्हाळ्यात बोदवडला ठरल्या वेळी नळाला पाणी आले नाही, की घरातले माणूस पान्हा शोधत बसत नाही. ते आधी शेजारी विचारते, "तुमच्याकडे आलं का पाणी?" शेजाऱ्यांकडे आले असेल, तर दोष आपल्या नळात किंवा आपल्या जोडणीत. त्यांच्याकडेही नसेल, तर तो गल्लीच्या व्हॉल्व्हपाशी किंवा त्याच्याही मागे टाकीपाशी. एका प्रश्नाने निम्म्या शक्यता बाद झाल्या. तो विचारायला खर्च आला नाही आणि काही मोडलेही नाही.

संगणकापुढे बसलो की मात्र ही रीत आपल्या हातून सुटते. त्याचा बराचसा दोष संगणकाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेकडे जातो, असे मला वाटते. या पुस्तिकांच्या शेवटी ‘अडचणी व उपाय’ असे एक पान असते. त्या पानाची चिकित्सा करण्यासाठी हा लेख आहे. दीड-दोनशे शब्दांच्या पानाची कसली समीक्षा, असे कोणी म्हणेल. पण शाळेत अनेक पुस्तके नुसती वाचली जातात. हे पान वाचून माणसे लगेच हात चालवतात. ज्या मजकुरावर विसंबून कृती होते, त्याची तपासणी अधिक कसून व्हायला हवी.

पान आणि प्रसंग

हे पान जवळून पाहण्याचा योग २०२४ सालच्या मे महिन्यात बोदवडच्या एका माध्यमिक शाळेत आला. कार्यालयातला जुना संगणक कुरकुरू लागला होता. त्याच्या हार्ड डिस्कमधून मधूनमधून टक्‌टक्‌ असा आवाज येई. तिच्यात बारा वर्षांची निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज होते. शाळेने शहाणपणा करून नवा संगणक घेतला. पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून त्यात माहितीसाठी दोन एसएसडी बसवून त्यांची जोडी करायचे ठरवले.

एसएसडी म्हणजे जिच्यात फिरणारी तबकडी नाही अशी साठवण. पेन ड्राइव्हमध्ये असतात तशा फ्लॅश स्मृतीच्या चिपा तिच्यात असतात. अशा दोन किंवा अधिक डिस्क एकत्र बांधून संगणकाला त्या एकच डिस्क म्हणून दाखवायच्या, या व्यवस्थेला ‘रेड’ म्हणतात. तिचे अनेक प्रकार आहेत. शाळेला हवा होता तो ‘रेड-१’, म्हणजे आरशासारखा: एका डिस्कवर जे लिहिले जाईल तेच दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी काम चालवते.

विंडोज एका तिसऱ्या, छोट्या एम.२ एसएसडीवर होते. ही पट्टीसारखी असते आणि थेट मदरबोर्डवरच्या खाचेत बसते. जोडीच्या दोन एसएसडींपैकी एक दिसत होती, दुसरी दिसत नव्हती. जुनी डिस्क कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, म्हणून संगणकाच्या सरांनी तिच्यातला सगळा मजकूर दिसणाऱ्या एसएसडीवर तात्पुरता उतरवून घेतला. मग पुस्तिकेचे शेवटचे पान उघडले. ‘रेड करताना डिस्क सापडत नाही’ या अडचणीखाली दिलेल्या इंग्रजी सूचनांचा मराठी सारांश असा:

१. केबल घट्ट बसल्याची खात्री करा.
२. दुसरी केबल किंवा दुसरे पोर्ट वापरा.
३. बायोसमध्ये साठवणीची पद्धत ‘रेड’ अशी निवडा.
४. बायोसची नवी आवृत्ती चढवा.
५. रेडचा ड्रायव्हर भरा.
६. बायोसची मांडणी पुसून मूळ स्थितीत आणा.
७. डिस्क ‘इनिशियलाइज’ करा.

मदरबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, थोड्याफार फरकाने हीच यादी आढळते. म्हणून इथे कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही.

सरांनी यादी वरून खाली पाळली. केबल दाबली, बदलली. डिस्क पाचव्या पोर्टवरून काढून सहाव्यावर लावली. काही नाही. बायोसमध्ये जाऊन ‘रेड’ निवडले, तर चालू असलेले विंडोज सुरू होईना. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून बायोसची आवृत्ती बदलायचे त्यांनी टाळले. ते बरेच झाले. ड्रायव्हर शोधून पेन ड्राइव्हवर घेतला. शेवटी बायोसची मांडणी पुसली, तेव्हा विंडोज परत आले. डिस्क मात्र नव्हतीच. संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा सर म्हणाले, "डिस्क मेलेलीच आली सर. उद्या जळगावला जाऊन बदलून आणतो." यादीतला एकच उपाय राहिला होता: सातवा.

कोण पाहत होते?

या पानाबद्दल माझा पहिला आक्षेप त्याच्या मथळ्यावरच आहे. ‘डिस्क सापडत नाही’ हे निरीक्षण अपुरे आहे. कोणाला सापडत नाही, हे त्यात नाही. प्रयोगशाळेत अॅमीटरचा काटा शून्यावर राहिला, तर ‘परिपथात विद्युतधारा नाही’ असे लगेच लिहू नका, असे आपण मुलांना सांगतो. धारा नसेल, किंवा अॅमीटरच जोडलेला नसेल. शून्य हे मापकाने दिलेले उत्तर आहे, म्हणून मापकाचीही चौकशी करावी लागते.

संगणकात डिस्ककडे पाहणारे एकाहून अधिक असतात, आणि ते एकामागे एक उभे असतात. सर्वांत आधी वीज आणि जोडणी: डिस्कला वीज मिळते का, आणि ती ज्या खाचेत किंवा पोर्टवर आहे ते चालू आहे का. त्यानंतर बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम जागी होणारी, मदरबोर्डवरच मुक्कामाला असलेली आज्ञावली. हल्ली तिच्या जागी यूईएफआय असते, पण बोलण्यात बायोस हेच नाव टिकून आहे. तिसरा रेडचा नियंत्रक. चौथी विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली, आणि तिला नियंत्रकाशी बोलता यावे म्हणून लागणारा ड्रायव्हर. पाचवे आपण स्वतः, जे पडद्यावर ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरे शोधत असतो.

यांतल्या प्रत्येकाच्या ‘दिसत नाही’ म्हणण्याचा अर्थ वेगळा आहे. कोरी एसएसडी जोडली तर तिला अक्षर मिळालेले नसते, म्हणून ती नेहमीच्या खिडकीत दिसत नाही. पण विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या पानावर ती हजर असते. तिथे सातवा उपाय बरोबर आहे. बायोसला दिसते पण विंडोजच्या स्थापनेच्या पडद्याला दिसत नाही, असे असेल तर केबल शंभर वेळा दाबून उपयोग नाही, कारण केबलमधून बोलणे होत आहे हे बायोसने सिद्ध केले आहे. उलट बायोसलाच दिसत नसेल, तर ड्रायव्हर शोधणे व्यर्थ. ड्रायव्हरची पाळी त्याच्या नंतर येते.

म्हणजे ‘बायोसला दिसते का?’ हा एक प्रश्न विचारला, की सात उपायांची यादी दुभंगते. उत्तर ‘नाही’ आले तर पहिला, दुसरा आणि क्वचित चौथा उपाय उरतो. ‘होय’ आले तर तिसरा, पाचवा आणि सातवा. बोदवडच्या शेजाऱ्याला विचारलेला प्रश्न तो हाच. एक सावधगिरी मात्र घ्यावी. काही मदरबोर्डांत रेडची पद्धत निवडली की डिस्क नेहमीच्या यादीतून निघून रेडच्या स्वतंत्र पानावर जाते. म्हणून बायोसमधली दोन्ही पाने पाहावीत.

शाळेतली डिस्क बायोसला दिसत नव्हती. म्हणजे सरांनी दुपारभर केलेल्या कामातला तिसऱ्या उपायापासूनचा सगळा भाग निष्फळ ठरणारच होता.

दुसरे पोर्ट

दुसरा उपाय मात्र योग्य दिशेचा होता. मग तो का फसला? इथे पानाची दुसरी उणीव दिसते: काय बदलायचे ते सांगितले, त्यातून काय कळणार ते सांगितले नाही.

आम्ही संगणक बंद केला, आणि दोन डिस्कच्या जोडण्यांची अदलाबदल केली. दिसणारी डिस्क न दिसणारीच्या पोर्टवर, आणि न दिसणारी दिसणारीच्या पोर्टवर. या प्रयोगाची उत्तरे दोनच. दोष डिस्कबरोबर फिरला, तर डिस्क वाईट. दोष जागेवरच राहिला, तर पोर्ट किंवा केबल वाईट. संगणक सुरू केल्यावर ‘मेलेली’ डिस्क ठणठणीत दिसू लागली, आणि चांगली डिस्क गायब झाली. जळगावची फेरी वाचली.

पण सरांनी पोर्ट बदलले होतेच की! त्यांनी पाचव्यावरून सहाव्यावर नेले होते. कारण सापडले ते पुस्तिकेतच, मदरबोर्डच्या आकृतीखाली अगदी बारीक टाइपात: एम.२ च्या दुसऱ्या खाचेत एसएसडी बसवली की पाचवे आणि सहावे पोर्ट बंद राहतात. विंडोजची पट्टी नेमकी त्याच खाचेत होती. असे का होते, तेही समजण्यासारखे आहे. मदरबोर्डवरच्या चिपसेटमधून निघणारे माहितीचे मार्ग मोजके असतात. खाचा आणि पोर्टे मिळून त्याहून जास्त. तेव्हा काही मार्ग दोघांत सामाईक ठेवलेले असतात, आणि एकाने वापरला की दुसऱ्याला मिळत नाही. दोन शेतांची पाळी एकाच पाटावर असावी, तसे.

या बाबतीत पुस्तिका दोषी आहे असे मी निःसंकोच म्हणेन. कारण तिला उत्तर ठाऊक होते. पहिल्या काही पानांत ते छापलेले होते. शेवटच्या पानाच्या लेखकाने पहिली पाने वाचली नव्हती, किंवा वाचणाऱ्याने वाचली असतील असे गृहीत धरले होते. ‘दुसरे पोर्ट वापरा’ याऐवजी ‘जिथे दुसरी डिस्क दिसते आहे तेच पोर्ट वापरून पाहा’ एवढे लिहिले असते, तरी पुरले असते.

एम.२ च्या बाबतीत अशीच आणखी एक फसगत होते, तीही इथेच सांगून टाकतो. एम.२ हे खाचेच्या आणि पट्टीच्या आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या पट्ट्या आतून दोन भाषा बोलतात: काही ‘साटा’, काही ‘एनव्हीएमई’. काही खाचांना यातली एकच भाषा कळते. पट्टी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, आणि तरी डिस्क दिसत नाही. विकत घेण्यापूर्वी खाचेची आणि पट्टीची भाषा जुळवून पाहणे हाच यावर उपाय आहे.

निरुपद्रवी आणि घातक, एकाच रांगेत

माझा सर्वांत गंभीर आक्षेप यानंतरचा आहे. या सात उपायांना सारखेच क्रमांक, सारखाच टाइप. वाचणाऱ्याला वाटते की सगळे सारखेच सौम्य असतील.

वस्तुस्थिती तशी नाही. पहिले दोन उपाय, संगणक बंद करून केले तर, निरुपद्रवी आहेत. तिसऱ्याने आधीचे विंडोज सुरू व्हायचे थांबू शकते, कारण ते जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरच्या भरवशावर उभे असते. चौथा उपाय चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड सुरू होणेच बंद पडू शकते. बोदवडसारख्या ठिकाणी यूपीएसशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. सहावा दिसायला साधा आहे, पण ज्या संगणकात आधीपासून रेड चालू आहे तिथे तो पद्धत पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवतो, आणि काल जी एक डिस्क दिसत होती तिच्या जागी आज दोन सुट्या, अनोळखी डिस्क दिसू लागतात. माणूस घाबरतो. त्याच यादीत खाली पाहतो, तर सातवा उपाय: इनिशियलाइज करा!

इनिशियलाइज करणे म्हणजे डिस्कच्या विभागणीची नवी नोंद लिहिणे. आधीची नोंद त्याखाली जाते. जुन्या हार्ड डिस्कवर अशी चूक झाली तरी तज्ज्ञाला बराच मजकूर परत काढता येई, कारण नोंद गेली तरी मजकूर तबकडीवर पडून असे. एसएसडीची गोष्ट निराळी आहे. डिस्क पुन्हा फॉरमॅट केली, की विंडोज एसएसडीला ‘ही जागा आता मोकळी समज’ असा निरोप देते. या निरोपाला ‘ट्रिम’ म्हणतात. मग एसएसडी सवडीने ती जागा खरोखरच पुसून टाकते. त्यानंतर मजकूर परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही.

शाळेच्या बाबतीत धोका आणखी जवळ होता. रेडची नवी जोडी तयार करतानाही सामान्यतः दोन्ही डिस्कवरचे सगळे पुसले जाते. तशी सूचना पडद्यावर येते, पण दिवसभर झगडल्यानंतर दोन्ही डिस्क एकदाच्या दिसू लागल्या की आनंदाच्या भरात ‘होय’ दाबले जाते. बारा वर्षांची निकालपत्रके त्यांपैकी एका डिस्कवर होती. दुसरी प्रत होती ती टक्‌टक्‌ करणाऱ्या जुन्या डिस्कमध्ये. आम्ही आधी बाहेरच्या एका डिस्कवर प्रत घेतली, ती उघडून चार-दोन निकालपत्रके तपासली, डिस्क दुसऱ्या पोर्टवर लावली, आणि मगच जोडी केली.

पुस्तिकेत हे सांगणे अवघड नव्हते. प्रत्येक उपायापुढे एक खूण पुरे: ‘याने माहिती जात नाही’, ‘याने संगणक सुरू व्हायचे थांबू शकते’, ‘याने माहिती जाते’. औषधाच्या बाटलीवर हे लिहिणे बंधनकारक असते. पुस्तिकेला असे बंधन नाही.

पुस्तिकेची बाजू

टीकाकाराने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. यादी करणाऱ्यापुढे हजार प्रकारचे संगणक आणि हजार प्रकारचे वाचक असतात. केबल ढिली असणे ही खरोखरच नेहमीची तक्रार आहे, आणि ती तपासायला पैसे लागत नाहीत. तेव्हा तिला पहिला क्रमांक देण्यात व्यवहारज्ञान आहे. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ या चेष्टेचा विषय झालेल्या सल्ल्यालाही आधार आहे. एसएसडीच्या आत स्वतःचा छोटा संगणक आणि स्वतःची आज्ञावली असते, जिला फर्मवेअर म्हणतात. ते अडकले असेल तर वीज तोडून दिल्याने नव्याने सुरू होते.

पण त्यामुळे कारण झाकलेही जाते. २०१२ साली क्रुशियल कंपनीच्या ‘एम-४’ या एसएसडीत एक दोष उघड झाला. एकूण ५१८४ तास चालल्यावर ती प्रतिसाद देईनाशी होई. संगणक पुन्हा सुरू केला की दिसे, आणि सुमारे तासाभराने पुन्हा गप्प. ज्यांनी ‘बंद-चालू’वर समाधान मानले त्यांना वाटले असेल की अडचण संपली. खरा उपाय नव्या फर्मवेअरचा होता, आणि तो कंपनीने त्याच वर्षी दिला.

त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, इंटेलच्या ‘३२०’ मालिकेतल्या काही एसएसडी अचानक वीज गेल्यानंतर स्वतःची क्षमता फक्त ८ मेगाबाइट असल्याचे सांगू लागल्या. म्हणजे डिस्क ‘सापडत’ होती, पण आपल्याविषयी चुकीचे सांगत होती. म्हणून बायोसच्या यादीत नाव आहे एवढे पाहून थांबू नये. नावापुढची क्षमता वाचावी.

जुनी हार्ड डिस्क बिघडायची तेव्हा आवाजाने, थरथरीने आधी सूचना देई. शाळेतल्या जुन्या डिस्कने ती दिली होती. एसएसडी सहसा असा इशारा देत नाही. जिथे कानाला आणि हाताला काही कळत नाही, तिथे क्रमवार प्रश्नांवरच भिस्त ठेवावी लागते.

एक चांगले उदाहरण

निदान सांगणारा मजकूर कसा असावा, याचा एक नमुना लिनक्समध्ये आहे. इंटेलच्या काही संगणकांत बायोस ‘रेड’ पद्धतीवर असले, की एनव्हीएमई डिस्क नियंत्रकाच्या आड जाते आणि लिनक्सला ती वापरता येत नाही. अशा वेळी लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदवहीत जी ओळ उमटते, तिचा आशय असा: इतक्या एनव्हीएमई डिस्क दुसरीकडे वळवलेल्या आढळल्या, त्या वापरायच्या असतील तर बायोसमधली पद्धत रेडवरून एएचसीआयवर आणा. (एएचसीआय म्हणजे डिस्कशी सरळ बोलण्याची नेहमीची पद्धत.)

आता विंडोजच्या स्थापनेचा पडदा पाहा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक संगणकांत एनव्हीएमई डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या व्यवस्थेमागे असते. तिचा ड्रायव्हर स्थापनेच्या पेन ड्राइव्हवर नसला, तर पडदा सांगतो की एकही ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर भरा. उपाय बरोबर आहे. पण पहिल्या वाक्याने वाचणाऱ्याच्या मनात डिस्क मेल्याची शंका पेरलेली असते. लिनक्सची ओळ काय दिसले ते सांगते, का वापरता येत नाही ते सांगते, आणि मग उपाय सांगते. तिच्यातही एक उणीव आहेच: पद्धत बदलल्यावर त्याच संगणकातले विंडोज सुरू होणार नाही, ही शक्यता ती सांगत नाही. तरीही दोन्हींत निवड करायची तर मी तिलाच अधिक गुण देईन.

जोडीवरचा विश्वास

सगळे जुळले, जोडी झाली. आता निकालपत्रके सुरक्षित आहेत का? इथे रेडच्या मूळ कल्पनेकडे जायला हवे.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी लहान संगणकांच्या पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, अशी त्यांची सूचना होती. अडचण कोणती तेही त्यांनीच हिशेबाने दाखवले. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कच्या समूहात कोणती तरी एक डिस्क सरासरी ३०० तासांतच बिघडणार, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत. म्हणून जादा डिस्क ठेवून माहिती राखण्याच्या निरनिराळ्या पातळ्या त्यांनी मांडल्या. हा भागाकार नववीच्या वर्गात करून घेण्याजोगा आहे.

या हिशेबामागे एक गृहीतक आहे, आणि निबंधात ते उघड लिहिले आहे: डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात. दोन नाणी उडवल्यावर एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, तसे. पण जोडीतल्या दोन्ही एसएसडी एकाच कारखान्यातल्या, एकाच फर्मवेअरच्या आणि एकाच दिवशी सुरू केलेल्या असल्या तर?

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवले, की सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील, आणि त्यातली माहितीही परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ही संख्या २ चा १५ वा घात आहे, हे गणिताच्या शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. सोळा बिटांत धन आणि ऋण संख्या मांडल्या, तर मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ असते. एकाने वाढली की मापक उलटतो. २०२० च्या मार्चमध्ये त्याच कंपनीने आणखी काही एसएसडींबद्दल ४०,००० तासांचा असाच इशारा दिला. दोन्ही वेळा उपाय एकच होता: मुदतीपूर्वी फर्मवेअर बदलणे. एकाच दिवशी बसवलेल्या अशा डिस्कची जोडी असेल, तर दोन्ही सोबतच जातील. आरसा आणि त्यात पाहणारा एकदम फुटावेत तसे. या प्रसंगात १९८८ च्या निबंधाचे गणित चुकत नाही. त्याचे गृहीतक लागू होत नाही.

शिवाय कोणी चुकून एक निकालपत्रक पुसले, तर जोडी ते दोन्ही डिस्कवरून तितक्याच निष्ठेने पुसते. तेव्हा जोडी असली तरी वेगळी प्रत हवीच, आणि ती संगणकापासून दूर, कपाटात हवी. शाळेने दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यायचे ठरवले आहे. जोडीतल्या दोन डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेणेही शहाणपणाचे.

वर्गासाठी

शिक्षकांना यातून करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. त्याला संगणक लागत नाही. एक विजेरी घट, एक बटण, दोन तारा आणि एक छोटा बल्ब यांचे परिपथ चार गटांना द्या. प्रत्येकात एक वेगळा दोष ठेवा: कुठे घट संपलेला, कुठे बल्ब गेलेला, कुठे आतून तुटलेली तार, कुठे न जुळणारे बटण. सोबत एक चालू परिपथही द्या. नियम दोनच. कशालाही हात लावण्यापूर्वी ‘मी हे बदलणार आहे, बल्ब लागला तर त्याचा अर्थ असा, नाही लागला तर असा’ हे वहीत लिहायचे. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची, तीही चालू परिपथातल्या वस्तूशी.

काही मुले सुरुवातीला सगळे एकदम बदलतील. बल्ब लागेल, पण दोष कशात होता ते त्यांना सांगता येणार नाही. त्यांना रागावू नये. बोदवडच्या शाळेत आमच्या सरांनी दुपारभर हेच केले होते, आणि तेही छापील पुस्तिकेच्या सांगण्यावरून. प्रयोग संपल्यावर मुलांना त्यांच्याच परिपथासाठी ‘अडचणी व उपाय’ असे एक पान लिहायला सांगावे. त्यात उपाय कमी आणि प्रश्न जास्त असतील, तर त्या पानाला पूर्ण गुण द्यावेत.

शाळेच्या संगणकाच्या आत, झाकणाच्या मागच्या बाजूला, सरांनी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर बंद राहणाऱ्या दोन पोर्टांचे क्रमांक आहेत, आणि खाली एक ओळ: ‘आधी विचारा, बायोसला दिसते का?’